आधी पाच घरं, मग गट

देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका ताईंनी विचारलं आहे. थोडक्यात असं: बचत गटातल्या आम्ही सहा जणी. गावात वर्षाकाठी पंधरा-वीस बाळंतपणं होतात. नव्या आयांकडे घरी जायचं आणि त्यांचा एक गट चालवायचा असं ठरवलं. अंगणवाडीत तीनदा गट बोलावला. पहिल्यांदा अकरा जणी आल्या, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा एकच, तीही आमच्यातल्या एकीची भाची. आशाताई म्हणतात, "मी जातेच की घरोघरी, तुमचं वेगळं काय?" आमचं कुठे चुकतंय?

ताई, तुम्ही सुरुवातच उलट्या बाजूने केलीत. मी सत्तावीस वर्षं याच किनाऱ्यावर काढली, आधी उपकेंद्रात नर्सबाई म्हणून आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून. निवृत्त झाल्यापासून तुमच्यासारख्या बायकांना शिकवते. गावात आधी गट बोलावला आणि तो टिकला, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. तीन-चार महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन, सासूला विचारून, भर दुपारी अंगणवाडीपर्यंत कुठली बाई चालत येईल? जिला तिथे ओळखीचा चेहरा दिसणार आहे तीच. तो चेहरा तिने आधी स्वतःच्या माजघरात पाहिलेला असला पाहिजे. म्हणून आधी पाच घरं धरा. गटाचं नंतर बघू.

आता आशाताईंचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यावं लागेल. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. पुढे २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात एकेक भेट वाढली. या सगळ्याच्या मुळाशी गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा आशाची भेट म्हणजे नुसती हजेरी नव्हे. ती वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, फॉर्म भरते. तुम्ही यातलं काहीही करायचं नाही. तिच्या वहीला हात लावायचा नाही. सहा भेटी पुऱ्या केल्यावर तिला २५० रुपये मिळतात, तेही कधी वेळेवर, कधी नाही. तुमच्यामुळे आपलं काम किंवा मान जाणार अशी शंका तिला आली, तर पुढचं सगळं अवघड होऊन बसेल.

मग तुमच्या वाट्याला काय उरतं? बरंच. आशाच्या तारखा पुन्हा बघा. ४२ व्या दिवसानंतर थेट तिसरा महिना. आणि आपल्याकडे नेमकं त्याच सुमाराला काय होतं? पहिलटकरीण माहेरी असते. सव्वा महिना झाला की ती सासरी येते. माहेरच्या आशाच्या भेटी संपलेल्या असतात आणि सासरच्या आशाला ती आल्याचं कळायला पंधरा दिवस जातात. आई तिथे राहिली, इथे सासू. अंघोळ घालणारी बदलली, पाणी बदललं, झोपायची जागा बदलली. शिवाय सहा आठवड्यांच्या आसपास बाळाचं रडणं सगळ्यांत जास्त असतं, तेही दिवेलागणीला. नवरा चाकरमानी असेल तर तो चार दिवसांची रजा संपवून मुंबईला गेलेला. पुढे कधीतरी हीच मुलगी बाळ घेऊन नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला एका खोलीत राहायला जाणार, म्हणजे तिसरी जागा. दूध सुटतं, बाटली लागते, ती याच दिवसांत. मन खचतं तेही बहुतेकदा इथेच. ही मधली खिंड तुमची. आशाताईंना हे असंच सांगा: "तुम्ही नसता त्या आठवड्यात आम्ही जाऊन बसतो, काही दिसलं तर तुम्हाला फोन करतो." आणि त्यांनाच विचारा, कोणत्या घरी जाऊ. घर त्यांनी दाखवलं की भेट त्यांचीही होते.

घरी जाऊन करायचं काय, ते एका घरावरूनच सांगते.

जुलै महिना होता. सून माहेराहून येऊन आठ दिवस झालेले, बाळ सात आठवड्यांचं. घर गाबीतवाडीत, पडवीत तिचा नवरा जाळी शिवत बसलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे तो घरीच होता. सासूने दारातच सांगितलं, "दूध पुरणा नाय गो तिका. रातभर पोर रडता." कोनाड्यात दुधाच्या पावडरचा डबा दिसला. जुनी मी असते तर तिथेच सुरू झाले असते, बाटलीने अमुक होतं, पावडरने तमुक होतं. मी म्हटलं, "बसतंय जरा, पाऊस कमी होवंदे." आणि बसले.

बसल्या बसल्या दोन गोष्टी केल्या. चुलीवरच्या वळणीला लंगोट वाळत घातले होते, ते मोजले. नऊ. दोन न्हाणीत भिजत होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत सहा-सात वेळा शू केली तर दूध पोटात जातंय असं समजावं. इथे अकरा. मग मदर-चाइल्ड कार्ड मागून घेतलं. जन्माचं वजन २.७ किलो, दीड महिन्याच्या लसीला गेले तेव्हा ३.९. पहिले तीन महिने बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढायला हवं. बेचाळीस दिवसांत बाराशे ग्रॅम म्हणजे चोख. दूध पुरत होतं. पावडर तर चारच दिवसांपूर्वी आली होती.

तरी मी तोंड उघडलं नाही, कारण अजून पाजताना पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासाने बाळ उठलं. मुलीने भिंतीला न टेकता, पुढे वाकून, बाळाचं तोंड नुसतं स्तनाग्रावर धरलं आणि ओठ चावला. दुखत होतं. बाळ दोन ओढ घ्यायचं, सोडायचं, रडायचं. पाठीशी उशी दिली. बाळाचं पोट तिच्या पोटाला लागेल असं कुशीवर वळवलं, मान न दाबता खांद्यामागून आधार द्यायला सांगितलं. बाळाने जांभईसारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबलो आणि मग जवळ घेतलं. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसू लागला. मग घुटक्यांचा आवाज आला. तो आवाज सासूनेही ऐकला. मी एवढंच म्हटलं, "ऐकलास? दूध नाय तर गिळता काय ता?"

मुलीचे डोळे भरले होते. "माका वाटला माझाच कायतरी चुकता," ती म्हणाली. तेव्हा कुठे बोलायचं ते बोलले, आणि तेही पडवीतल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात: दूध मागणीवर तयार होतं. बाळ जितकं ओढतं तितकं उतरतं. एक बाटली पाजली की एक पाजणं बुडतं आणि तेवढं दूध आटतं, मग खरोखरच पुरेनासं होतं. संध्याकाळचं रडणं भुकेचंच असतं असं नाही. ते या वयाचं रडणं आहे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. पाजून झालं, लंगोट कोरडा आहे, अंगात ताप नाही आणि तरी रडतंय, तर कोणीतरी उराशी धरून फेऱ्या मारायच्या. फार चिडचिड झाली तर पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाहेर जायचं, पण बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. "फेऱ्या कोणी मारायच्या?" असं मी विचारलं नाही, नुसतं पडवीकडे बघितलं. दुसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा जाळी एका बाजूला पडली होती आणि गडी खळ्यात छपराखाली पोराला खांद्यावर घेऊन फिरत होता. डबा कोनाड्यातच होता, पण झाकण पुन्हा उघडलेलं नव्हतं.

सव्वा तासाच्या त्या भेटीत माझं बोलणं दहा मिनिटांचं असेल. तुमच्या सहा जणींना एवढंच शिकवा: पहिल्या भेटीत बाळ एकदा पिऊन होईपर्यंत बसायचं, दोरीवरचे लंगोट मोजायचे, कार्ड बघायचं, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. सगळ्यांत कठीण शेवटचं.

सासूशी आणि न्हाणणारीशी वैर घेऊ नका. घरात बाळाचा कारभार त्या दोघींच्या हातात असतो, आई तिसरी. हे मी फटका खाऊन शिकले. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका घरी नवव्या दिवशी गेले तर आजी बाळाला मध चाटवत होती. शेजारच्या चार बायका बसलेल्या. मी सगळ्यांदेखत आजीला झापलं. बोलणं बरोबर होतं, वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. पण पुढच्या दोन्ही खेपांना दारातूनच उत्तर आलं, "सून निजली हा." मीही हट्टाने आत गेले नाही, वहीत 'भेट दिली' लिहून मोकळी झाले. त्या बाळाची बेंबी पिकली होती. कळलं ते दुसऱ्याच कोणाकडून, तापाने फणफणलेलं बाळ तालुक्याला नेलं तेव्हा. वाचलं. ते बाळ आता स्वतः बाप झालंय, भेटलं की हसतं, आणि मला अजून ती वही आठवते.

म्हणून आता मी माझ्यापुरती वाटणी केली आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा, ओवा, खोबरं: काही बोलायचं नाही, चांगलंच आहे. फक्त ती भात-भाजी-मासे-डाळ सगळं खाते की नुसत्या पेजेवर ठेवलंय तेवढं बघा. हलक्या हाताने मालीश: उत्तम. बारसं, पाचवी, सटीची पूजा: जमल्यास जाऊन या. टाळूवर तेल घालतात, घालू देत, दाबू नका म्हणावं. मोहरीची उशी काढायला सांगा, बाळ सपाट जागी, उताणं निजलेलं बरं. वाद घालायचा तो मोजक्याच गोष्टींवर: चीक पिळून टाकणं, मध, पाणी, साखरपाणी, सहा महिन्यांच्या आत गुटी आणि ग्राईप वॉटर, नाका-कानात तेल, बेंबीला हळद-राख, डोळ्यांत काजळ, आणि दारं-खिडक्या लावून शेगडीचा धूर. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका न्हाणणाऱ्या आजीने मला सुनावलं होतं, "चाळीस वर्सां पोरांका न्हाणयतंय मी." मी म्हटलं, मग तुमच्या हाताला पोर थंड लागलं तर तुम्हाला माझ्याआधी कळणार. तेव्हापासून ती माझी सगळ्यांत भरवशाची माणूस झाली. काजळ तिने सोडलं नाही, पण डोळ्यांत न घालता तळपायाला तीट लावायला लागली. एवढ्यावर मी खूश आहे. तुम्हीही व्हा.

कोणाला कधी दवाखान्यात न्यायचं, हे मात्र सहाही जणींना पाठ हवं आणि त्यात घासाघीस नाही. बाळाने दूध ओढणं सोडलं किंवा ते सुस्त पडलं. शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजल्यावर, दोनदा मोजल्यावर, श्वास ६० किंवा त्याहून जास्त. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत खेचली जाते. अंग तापलंय, किंवा पोट आणि पाय दोन्ही गार. पहिल्या चोवीस तासांतच पिवळं, किंवा नंतर पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत. बेंबीतून पू, झटके. आईला रक्तस्राव वाढलाय, घाण वास येतोय, ताप आहे, डोकं फुटतंय, आकडी आली. यातलं एक दिसलं तरी आशाला फोन आणि १०८ ला फोन, त्याच क्रमाने नव्हे, एकाच वेळी. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत नेणं-आणणं आणि उपचार मोफत आहेत, त्यासाठी १०२. आपल्याकडे पावसात साकव बुडतो, तर कुठे होडी मिळत नाही. म्हणून संध्याकाळी 'सकाळी बघू' म्हणू नका. नेताना बाळाला दुपट्यात गुंडाळून दूर धरण्यापेक्षा आईच्या किंवा बापाच्या छातीशी, झबलं काढून, वरून कपडा घेऊन न्यावं. तशी ऊब दुसरी नाही.

मनाचं दुखणं यापेक्षा लपून बसतं. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येतं, ते आपसूक जातं. दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नाही, बाळ निजलं तरी हिला झोप नाही, खाणं सुटलंय, 'मी नसते तर बरं झालं असतं' अशी भाषा आहे, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. नखरे नव्हेत, बाहेरचं तर नव्हेच. आपल्याकडे आधी उतारा टाकतात आणि त्यात महिना जातो. तुम्ही उताऱ्याला विरोध करू नका, उतारा टाकून दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही जाऊ म्हणा. डॉक्टर १९८७ पासून वापरात असलेली एडिंबराची दहा प्रश्नांची पट्टी वापरतात. तुम्ही ती घेऊन बसू नका. तुम्ही दोनच प्रश्न विचारा, सासू खोलीत नसताना: "रात्री बाळ निजल्यावर तुला झोप लागते का?" आणि "स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" दुसऱ्या प्रश्नाने मनात नसलेलं काही घुसत नाही, ती भीती खोटी आहे. 'हो' आलं तर तिला एकटी सोडायचं नाही, घरातल्या एका माणसाला सांगायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. १४४१६ हा टेली-मानसचा फोन दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. मी पाहिलेली सगळ्यांत गंभीर बाई सतत हसायची आणि "सगळा बरा हा" म्हणायची. ती बाळाकडे बघत नाही, हे न्हाणणाऱ्या आजीच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही.

आता माणसं. सहाच्या सहा जणींनी घरी जायचं नाही. इंग्लंडात लेस्टर शहरात १९७३ मध्ये मार्गारेट हॅरिसन यांनी 'होम-स्टार्ट' सुरू केलं, तिथे पोरं वाढवलेली साधी माणसंच आठवड्याला दोन-तीन तास एका घरी जातात, तज्ज्ञ म्हणून नाही तर सोबत म्हणून. मला त्यातलं 'एक बाई, एक घर, ठरलेला वार' एवढं फार पटलं. तुमच्यातली जिचं धाकटं पोर दोन ते सहा वर्षांचं आहे ती चांगली, तिला अजून आठवत असतं. फार हुशार नको. जिला गप्प बसता येतं ती हवी. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिला हिशेब द्या, घर देऊ नका. आपल्या वाड्यांत बातमी विहिरीवरून एसटीपर्यंत अर्ध्या तासात पोचते. एका घरातलं दुसऱ्या घरी गेलं की पाचही दारं बंद. भावकीतलं घर टाळा, जमिनीचे वाद तिथे बाळाच्या पाळण्यापर्यंत येतात. जिच्याकडे जायचं तिला आधी विचारा, आणि ती नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. आणि एसटीचं, रिक्षाचं भाडं गटाच्या पैशातून द्या. फुकटची सेवा चार महिने चालते, पाचव्या महिन्यात नवरा विचारतो.

पाच घरं तीन महिने धरलीत की गट आपोआप मागणीवर येतो. तुमचा तीनदा मोडलेला गट मी डोळ्यांसमोर आणू शकते: सतरंजी, समोर टेबल, कोणीतरी पाहुणी 'स्तनपानाचे महत्त्व' सांगतेय. माझाही एक गट असाच मोडला होता, त्यात पाहुणी मीच होते. गट चालतात ते वेगळ्या रीतीने. झारखंड-ओडिशात 'एकजूट' संस्थेने गावातल्या बायकांचे महिन्याला एकदा गट घेतले, त्यात व्याख्यान नव्हतं. गोष्टी, चित्रं, आपल्याच गावात बाळ का गेलं याची चर्चा, आणि मग त्यावर आपण काय करू हे बायकांनीच ठरवायचं. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या भागात नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. औषध कुठलंच नव्हतं.

आपल्याकडे मला सापडलेली सगळ्यांत सोपी जागा म्हणजे लसीकरणाचा दिवस. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना आया बाळं घेऊन येतातच, सासूच पाठवते. लस दिल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात. तो अर्धा तास कोणाचाच नसतो. तिथे चहाचा थर्मास आणि दोन चटया घेऊन बसा. एका जुन्या आईला एकच प्रश्न विचारा, "तुझं पोर रात्री किती वेळा उठायचं?" पुढे तुम्हाला बोलावं लागत नाही. बायका पुढच्या वेळेला स्वतःहून लवकर येतात. मग महिन्यातून एक वेगळी दुपार ठरवा, तीन ते साडेचार, आठ-दहा जणी पुरे.

जागा देऊळ नको. सोयर असते, विटाळाचं धरतात, आणि मोहल्ल्यातल्या बायका तिथे येणार नाहीत. कोणाच्या ओटीवरही नको, त्या घरची आणि बौद्धवाडीतली मुलगी एकाच चटईवर बसेल का, हा प्रश्न आपण तोंडाने विचारत नाही पण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. अंगणवाडी किंवा शाळेची पडवी. दर चार खेपांत एकदा गट बौद्धवाडीत घ्या आणि चहा तिथलाच प्या. सुरुवातीला दोघी-तिघी चहाला 'नको' म्हणतील. तुम्ही प्या.

गटात बोलण्यापेक्षा करण्यावर भर द्या. सहा महिन्यांच्या बाळांच्या आया असतील तर तिथेच स्टोव्हवर शिजवा. आपल्याकडचा मोठा घोळ म्हणजे पेजेची निवळ. आजी म्हणते पेज दिली, बाळाच्या पोटात जातं पाणी. निवळ आणि शिजलेला मऊभात दोन चमच्यांत घेऊन चमचे आडवे करून दाखवा: ओघळतं ते पाणी, राहतं ते अन्न. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, दिवसाला दोन-तीनदा. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, तीन-चारदा, आणि दूध चालूच, दोन वर्षं आणि पुढेही. नाचणीचं सत्त्व, कुस्करलेली डाळ, वर तूप नाहीतर खोबरेल. मुडदुशाचा काटा नीट काढून भातात कालवलात तर फार चांगलं. मासेवाल्याच्या घरात पोराला वर्षभर मासा देत नाहीत आणि बिस्किटं बुडवून देतात, याचा मला अजून राग येतो.

मोबाइलवर गट करायचाच तर तीन अटी: बाळांचे फोटो नाहीत, औषधांची नावं नाहीत, आणि पावडरच्या डब्याची जाहिरात नाही. शेवटची तर १९९२ च्या कायद्यानेच बंद आहे. मुंबईला गेलेल्या मुलींसाठी मात्र हा गट खरंच कामाचा. दिव्याच्या खोलीतून रात्री दोनला आलेला 'कोण जागं आहे का' हा मेसेज मी पाहिलाय, आणि वेंगुर्ल्याहून तीन मिनिटांत आलेलं 'मी' हे उत्तरही.

बापांचा वेगळा गट काढू नका, येत नाहीत. मासेमारी बंदीचे दोन महिने आणि गणपतीचे दिवस, या दोन वेळा ते घरात सापडतात. तेव्हाच घरच्या भेटी ठेवा आणि त्यांच्या हातात काम द्या: ढेकर काढणं, लंगोट धुणं, लसीच्या तारखा सांभाळणं. मुंबईचा असेल तर फोनवर त्याला "बाळ कसंय" विचारू देऊ नका, "तू जेवलीस का" हे आधी विचारायला सांगा.

किती दिवस जायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पहिल्या भेटीपासून सहा आठवडे आठवड्याला एकदा, पुढे पंधरा दिवसांनी, बाळ सात-आठ महिन्यांचं होऊन नीट जेवायला लागलं की थांबा. थांबण्याची तारीख पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही त्या घरची दुसरी सासू होऊन बसाल.

आत्ता लावणी चालू आहे, मग गणपती. गट दिवाळीनंतरच. तोवर आशाताईंकडून पाच नावं घ्या, त्यांतली दोन तरी सासरी नुकतीच आलेली असू देत. जाताना हातात काही न्यावंसं वाटलं तर नारळ-साखर नेऊ नका. जुन्या सुती साडीचे धुऊन वाळवलेले तुकडे न्या. या पावसात लंगोट वाळत नाहीत, पहिल्या घरी तेच आधी लागतील.